मेंढरं नफलीत शिरली

ट्रॅक्टर धुतलेला दिसला, तेव्हाच सासियाला कळलं की आज नुसती लोकर कातरून भागणार नाही.

तिचा नवरा जिलानी एरवी ट्रॅक्टर धुणारा माणूस नव्हता. पाणी टँकरनं यायचं आणि ते मेंढरांनाच पुरत नव्हतं. तरी आज पहाटे उठून त्यानं दोन बादल्या त्या धुडावर ओतल्या होत्या, मागे तव्यांचा नांगर जोडला होता आणि खालच्या सपाटीकडे तोंड करून ते उभं केलं होतं. तेवढ्यावर न थांबता सपाटीच्या मधली काटेरी तार दोन खांबांइतकी सोडून गुंडाळूनही ठेवली होती.

"यूम्मा, बाबांनी तार काढली," तिची मुलगी हूरिया धापा टाकत स्वयंपाकाच्या सावलीत आली. ती बेनी खदाश गावच्या शाळेत शिकवायची. कातरणीसाठी दोन दिवस रजा टाकून आली होती. "आत्याला कळलं तर?"

"तिला दिसेलच. तिचे डोळे शाबूत आहेत." सासियानं कुस्कुसच्या भांड्याचं झाकण उचललं, वाफ तोंडावर घेतली आणि परत ठेवलं. "तू गाजरं चिर. आणि जीभ आवर. आज घरात पाहुणे आहेत."

पाहुणे म्हणजे शेजारपाजारचे आठ-दहा कातर चालवणारे पुरुष आणि समुद्रापलीकडच्या मार्सेयहून आलेला धाकटा दीर खमैस. सासूच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला, तीन वर्षांपूर्वी, खमैस तिकडून फोनवर होता आणि याच अंगणात नणंद रगाया त्या फोनसमोर हात पसरून बसली होती. "तीन वर्षं द्या मला. अर्धी सपाटी, तारेच्या पलीकडची. नांगर नको, मेंढरं नको. तीन वर्षांत माती जागी झाली नाही, तर जिलानीनं खुशाल नांगरावी." जिलानी त्या दिवशी आईच्या दुःखात हळवा झाला होता, म्हणून हो म्हणाला. ती तीन वर्षं आज संपत होती.

रगाया आली ती डोक्यावर भाकरींचं गाठोडं आणि हातात तेलाचा डबा घेऊन. एकसष्ट वर्षांची, काटक, नवरा गेल्यापासून माहेरच्या जुन्या खोलीत राहणारी. ट्रॅक्टरसमोर ती थांबली. त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"वहिनी, नवरदेवाला एवढं नटवलंय, नवरी कुठली बघितली?"

हूरिया फस्सकन हसली. सासियानं तिला कोपर मारलं आणि मग स्वतःच पदराआड तोंड लपवलं.

"तुझी सपाटी मागितलीय बाई त्यानं," सासिया म्हणाली.

"माझी कुठली? भावांचे दोन-दोन वाटे, माझा एक." रगायानं डबा खाली ठेवला. "खमैस कुणाच्या बाजूला आहे?"

सासियानं भांड्याचं झाकण पुन्हा उचललं. तेच उत्तर होतं.

*

ऑलिव्हच्या झाडाखाली कातरणी रंगात आली होती. दोघं-दोघं मिळून मेंढी पाडत, पाय बांधत आणि कातर चालवता चालवता तिच्या मालकाची स्तुती गात. जिलानीच्या मेंढरांची स्तुती यंदा जरा अवघडच होती. दोन हिवाळे पाऊस नीट झाला नव्हता; लोकर उतरली की खालून बरगड्या दिसत. गाणाऱ्यांनी मालकाच्या मिशांवर भर दिला.

जिलानी खमैसला घेऊन बाजूला बसला. तो या क्षणाची तीन महिने वाट बघत होता. फोनवर सगळं ठरलं होतं: खमैसनं आपले दोन वाटे त्याच्या नावावर करायचे, उद्या मेदनीनच्या कचेरीत जाऊन कागद करायचा. खमैसची आता गुडघ्यानं साथ सोडली होती, तीस वर्षं मार्सेयमध्ये गवंडीकाम करून झालं होतं, पोरं तिकडचीच झाली होती. त्याला या दगडधोंड्यांचं करायचं काय होतं?

"बघ ना मेंढरांकडे," जिलानी म्हणाला. "कडबा नाही, जव नाही. आणि तारेपलीकडे तीन वर्षांची ताकद साठून पडलीय. आत्ता उलटी केली, शरदात जव पेरला, तर पुढचं वर्ष तरी निघेल."

"आणि रगाया?"

"तिला काय कमी आहे? माझ्या घरात जेवते."

"जेवायचं नाही विचारलं मी."

जिलानीनं चहाचा घोट घेतला. तो बहिणीचा द्वेष करत नव्हता. पण सबंध गाव तीन वर्षं त्याला विचारत होतं, 'काय रे जिलानी, रगायाची बाग फुलली का?' ती उन्हात वाकून अर्धचंद्रासारखे खड्डे खणायची, त्यांत तेलघाण्याचा चोथा आणि त्याच्याच गोठ्यातल्या लेंड्या भरायची, वर छाटलेल्या फांद्या पसरायची. आणि तो, घरातला मोठा भाऊ, ट्रॅक्टरचा मालक, जन्मभर जी जमीन नांगरत आला ती काय त्यानं मारली होती? एका म्हाताऱ्या बाईला खड्डे खणून हेच तर सांगायचं होतं ना सगळ्यांना?

"तू शब्द दिलायस," तो खमैसला म्हणाला.

"दिलाय," खमैस म्हणाला. "शब्द मोडत नाही मी. फक्त जमीन बघून येतो. वीस वर्षांत त्या बाजूला गेलो नाही."

*

रगायानं काहीच समजावून सांगितलं नाही, हे खमैसला पहिल्यांदा खटकलं. सपाटीकडे जाताना तिनं त्याच्या गुडघ्याची चौकशी केली, त्याच्या नातीचं नाव तिसऱ्यांदा विचारलं आणि तिसऱ्यांदा चुकीचं म्हटलं.

तारेच्या अलीकडे जिलानीची बाजू होती. पिठासारखी फिकट, वर कडक पापुद्रा, चालताना कुरकुर वाजणारा. दक्षिणेचा गरम वारा सुटला की ही माती उठून रस्त्यावर जाऊन बसते, हे खमैसनं सकाळी गाडीतून येताना पाहिलं होतं. चालकानं रस्त्यावरच्या ढिगाला वळसा घालताना शिवी दिली होती.

गुंडाळलेल्या तारेपाशी रगाया क्षणभर थांबली. पुढे गेली.

पलीकडे नफल होती. रानमेथीसारखी तीन-तीन पानांची, गुडघ्याच्या खाली, पिवळ्या फुलांची, मध्ये मध्ये जवाची ताटं. सगळीकडे सारखी नव्हती. काही ठिकाणी टक्कल होतंच. पण जिथं होती तिथं दाट होती, आणि सकाळच्या दवानं अजून ओली.

"पाऊस नव्हता म्हणतात ना?" खमैसनं विचारलं.

"नव्हताच. फेब्रुवारीत दोनदा आला, प्रत्येक वेळी एका चहाच्या वेळेपुरता."

"मग हे?"

"जेवढा आला तेवढा इथंच राहिला." तिनं मिरच्यांच्या रोपांसाठी ठेवलेली बादली उचलली. त्यात अर्ध्यावर पाणी होतं. "घे. तू गवंडी आहेस. ओतून बघ."

खमैसनं आधी जिलानीच्या बाजूला थोडं ओतलं. पाणी पापुद्र्यावर पसरलं, उतार शोधला आणि त्याच्या बुटावरून पुढे निघून गेलं. मग या बाजूला, फांद्या बाजूला सारून, तेवढंच ओतलं. तो खिशातून फोन काढेपर्यंत पाणी नव्हतं. फोन कशाला काढला तेही तो विसरला. खाली बसायला गुडघा तयार नव्हता, तरी बसला. बोटं घातली. बोटं गेली! दुसऱ्या सांध्यापर्यंत, सरळ. हातात आलेली माती गडद होती, बारीक गोळ्यांची, मुळांच्या केसांनी गुंफलेली. एक काळा भुंगेरा चिडून त्याच्या मनगटावर चढला.

"बाबांच्या वेळी अशी होती," तो म्हणाला.

"बाबांच्या वेळी याहून बरी होती. मला आणखी दहा वर्षं लागतील."

"तेवढी जगशील?"

"तू कागद केलास तर नाही," रगाया म्हणाली आणि हसली. मग एकदम तिचा आवाज बदलला. "खूया, माझ्या भावा, मला तुझा वाटा नको. मला फक्त त्या दिवशी घरात माझ्या बाजूनं बोलायला एक माणूस हवा होता. तो माणूस तीन वर्षं फोनवरच राहिला, बस."

खमैस हातातली माती टाकेना. मुठीत तशीच घेऊन तो परत चालायला लागला.

*

जेवायला सगळे एका मोठ्या परातीभोवती बसले. कुस्कुस, वाळवलेलं मांस, हिरव्या मिरच्या, रगायाच्या भाकरी आणि मातीच्या मडक्यातलं थंड ताक. जिलानीनं ताकाचे तीन वाडगे संपवले.

"असं ताक सबंध डोंगरात नाही," तो म्हणाला. "एवढी वाळलेली मेंढरं, आणि शेळ्या मात्र दूध देतात. माझ्या घरचा बरकतीचा हात आहे."

सासियानं परातीकडे बघितलं. हूरियानं आईकडे बघितलं.

"खूया," खमैस म्हणाला, "उद्या मेदनीनला नको जाऊया."

परातीतले हात थांबले. शेजारी मंडळी फार आवडीनं भाकरीचे तुकडे चावू लागली.

"का?"

"मी पाणी ओतून बघितलं."

"पाणी ओतलंस? माझ्या मेंढरांना प्यायला पाणी नाही आणि तू जमिनीला पाजलंस! एका बादलीवर तीस वर्षांचा निकाल?"

"पाव बादली," खमैस म्हणाला. "आणि निकाल नाही. कागद नको, एवढंच."

जिलानी रगायाकडे वळला. "काय खायला घातलंस त्याला तिथं?"

"माती," रगाया म्हणाली. "त्याच्या खिशात आहे अजून."

कुणीतरी हसलं. हसायला नको होतं. जिलानी उठला, हात पँटला पुसला. "कागद नको तर नको. पण मुदत आज संपली. सगळ्यांसमोर शब्द दिला होता तिनं. आहे की नाही?"

"आहे," रगाया म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "माती जागी झाली नाही तर, असा शब्द होता."

"बाबा, माती तर..." हूरिया बोलायला गेली.

"तू शाळेत शिकव!"

तो ट्रॅक्टरवर चढला आणि चावी फिरवली. धुतलेला ट्रॅक्टर एकदा खोकला, दोनदा खोकला, आणि मग असा काही गरजला की ऑलिव्हच्या झाडावरच्या चिमण्या उडाल्या. ट्रॅक्टरच्या मागेच खजुराच्या झापांचं कुंपण होतं, आणि त्यात सत्तर नुकती कातरलेली, बावरलेली, उपाशी मेंढरं. ती एका अंगानं कुंपणावर आदळली. झापं आडवी झाली. मेंढरं अंगणातून, परातीच्या कडेकडेनं, पाहुण्यांच्या मांडीवरून, थेट उताराला लागली. तार जिथं काढलेली होती, तिथून आत शिरली आणि हिरव्या नफलीत माना घालून उभी राहिली.

जिलानीनं उडी मारली. ट्रॅक्टर तसाच गरजत राहिला; हूरियानं धावत जाऊन चावी बंद केली. तो उताराला पळाला, एक चप्पल वाटेतच राहिली. त्याला आधी आनंद झाला, हे त्यानं नंतर कधी कुणाला सांगितलं नाही. किती दिवसांनी ही जनावरं अशी आवाज करत खात होती! मग मागून रगायाची आरोळी आली.

"काढा त्यांना! बाहेर काढा! उपाशी पोटी हिरवी नफल, फुगून मरतील!"

तिला स्वतःच्या पिकाची काळजी नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं ते पळता पळताच.

सगळे धावले. कातर चालवणारे, खमैस लंगडत, सासिया हातात डाव घेऊन. पण भुकेली मेंढी हिरव्यातून निघत नाही. एक काढली की दोन परत शिरत. शेवटी हूरियानं आणि दोघा शेजाऱ्यांनी हात धरून रांग केली, आणि खमैस त्यांच्यापुढे फ्रेंचमध्ये शिव्या देत निघाला. मेंढरांना त्या नवीन होत्या. ती दचकली आणि निघाली.

तीन मेंढ्या मागे राहिल्या. डावी बाजू ढोलासारखी ताणलेली, तोंडाला फेस. त्यांतली एक बाशाची आई होती. बाशा म्हणजे जिलानीचा लाडका मेंढा, तिनंच दिलेला. ती गुडघ्यावर आली आणि आडवी झाली.

"तेल!" रगाया ओरडली. "माझा डबा आण, हूरिया! वहिनी, डोकं वर धरा. दादा, तिला पाडू नकोस, उभी कर! पुढचे पाय चढाला, असे. वर, वर!"

तिनं त्याला 'दादा' म्हटलं होतं, लहानपणानंतर पहिल्यांदा. जिलानीनं मेंढीला पोटाखालून उचललं आणि बांधाच्या चढावर उभं धरलं. रगायानं तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून तेल घोटाघोटानं सोडलं. ती मेंढीशी बोलत होती, हळू, चिडवल्यासारखं. "एवढी घाई? आयुष्यभर पाहिली नव्हतीस का? पी आता. पी बाई."

सासियानं मेंढीची डावी कूस चोळायला घेतली. खमैसनं दुसऱ्या दोघींना तसंच तेल पाजलं. निम्मं त्याच्या शर्टवर गेलं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मेंढीच्या पोटातून एक लांब, बेशरम आवाज आला आणि पाठोपाठ वास. हूरिया नाक धरून मागे सरली. दुसरा आवाज आला. पोट सैल पडलं. मेंढीनं मान हलवली आणि पहिल्याच संधीत खाली वाकून नफलीचा एक तुरा तोडला.

"हिला लाज नाही," सासिया म्हणाली, आणि सगळे हसले. हसता हसता जिलानी खाली बसला आणि बसूनच राहिला.

*

रगायानं उठून सपाटीकडे नजर टाकली. तिला वाटलं होतं, आता रडू येईल. पाव भाग तुडवला होता, काही खड्ड्यांच्या कडा खचल्या होत्या. ती एका खड्ड्याशी गेली. खुरांनी शेंगा मातीत दाबल्या गेल्या होत्या, आणि वर सगळीकडे ताज्या लेंड्या.

जिलानी मागे येऊन उभा होता, एका पायात चप्पल.

"माझ्या गोठ्यातून रोज टोपलीनं न्यायचीस," तो म्हणाला. "आज मेंढ्या स्वतः चालत घेऊन आल्या."

रगायानं खचलेली कड हातानं दाबली. तो टोमणा होता, आणि खरा होता. मेंढरं आत नकोत, हे तिनंच धरून ठेवलं होतं. पहिली दोन वर्षं ते बरोबरही होतं. तिसऱ्या वर्षी मात्र तो निव्वळ हट्ट होता. या जमिनीवर जिलानीचं काही येऊच नये, असा.

"बोलू का मी?" सासिया म्हणाली. तिनं पदर खोचला होता. तिशीची असताना एकदाच ती पुरुषांच्या बैठकीत बोलली होती, त्याची आठवण अजून घरात निघायची. "हूरियाचे बाबा, ते ताक तुम्हाला आवडतं ना?"

"ताकाचं काय आत्ता?"

"शेळ्यांना दूध कुठून येतं? रोज संध्याकाळी रगाया मला नफलीचा एक भारा कापून देते, मी वाळवून घालते. दोन वसंत झाले. तुमची बरकत ती आहे."

जिलानी बायकोकडे, मग बहिणीकडे बघत राहिला. "दोघी मिळून?"

"तिघी," हूरिया म्हणाली. "सुट्टीला आले की भारा मी आणायचे."

खमैस इतक्या जोरात हसला की त्याला बांधाला टेकावं लागलं. "खूया, तुझ्याच घरात तुझ्याविरुद्ध सरकार चाललंय!"

जिलानीच्या मिशा हलल्या. राग यायला हवा होता. तो शोधू लागला, तर सापडेना. अंगात नुसता थकवा होता आणि त्या मेंढीचा ऊबदार वास.

"मग मला सांग," तो रगायाला म्हणाला, "नांगर नको, हे समजलं. पण सत्तर जनावरं आहेत. त्यांना मी गाणी ऐकवू?"

रगायानं पायानं जमिनीवर रेघ ओढली. "पट्टे करू. तारेचे, सहा. आधी घरी सुकं काड खायचं, दव वाळलं की एक पट्टा, एक तास. तास संपला की बाहेर. मग तो पट्टा पाऊस पडेपर्यंत बंद. आपल्या आजोबांच्या वेळी डोंगरातली कुरणं अशीच राखायचे, तुला आठवत असेल."

"मला शिकवू नकोस. आजोबांबरोबर मी राखायचो, तू पाळण्यात होतीस." त्यानं तिची रेघ पायानं थोडी पुढे ओढली. "दोन तास."

"एक."

"बाशाच्या आईला दोन."

"तिला तर अर्धाच!" सगळे एकदम ओरडले.

*

दुसऱ्या दिवशी मेदनीनला कुणी गेलं नाही. खमैसनं परतीचं तिकीट पुढे ढकललं. वरच्या घळीतल्या मातीच्या बांधाचा सांडवा वाहून गेला होता आणि त्याला तो दगडात बांधायचा होता. गुडघा दुखतोय म्हणाला, आणि दगड निवडायला गेला.

ऊन चढल्यावर जिलानी मेंढरं घेऊन पहिल्या पट्ट्यात आला. रगाया खचलेल्या कडा नीट करत होती. मधूनच ती ओरडायची, "वेळ झाली!" आणि तो म्हणायचा, "माझं घड्याळ मागे आहे."

तेवढ्यात वरच्या रस्त्यावर फरजानीची पिकअप थांबली. तो पलीकडच्या दरीतला मेंढपाळ, चारा शोधत फिरत होता. काच खाली करून त्यानं सबंध सपाटीकडे नजर फिरवली, आधी फिकट बाजू, मग हिरवी.

"जिलानी! कुणाची रे ही?"

"आमची," जिलानी म्हणाला.

"आणि हे असं? या वर्षात? कुणी केलं?"

जिलानीनं काठी दुसऱ्या हातात घेतली. रगाया पाठमोरी होती, हातात खोरं होतं, पण ते थांबलं होतं.

"माझ्या बहिणीनं," तो मोठ्यानं म्हणाला. "उतर खाली. ती दाखवेल तुला. पण वाकून बघ, आणि पायातले बूट काढ."

रगायानं वळून बघितलं नाही. एक मेंढी तारेखालून मान घालत होती. रगायानं त्या मेंढीच्याच नावानं मोठ्यानं ओरडायला सुरुवात केली.